छोट्या स्क्रीनवर गेम अडखळतो कशामुळे? घरच्या रेट्रो कन्सोलसाठी जोडणीपासून सेटिंगपर्यंत

रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, २.८ इंची एसपीआय (एकाच डेटा वायरवरून चित्र घेणारी) स्क्रीन, एक लिथियम बॅटरी आणि डझनभर बटणं एवढ्यावर हातात मावणारा रेट्रो कन्सोल उभा राहतो. गेम सुरू केला की बरेचदा आवाज अगदी नीट येतो, बटणं लगेच लागतात आणि चित्र मात्र झटके खात सरकतं. मग एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, बदलून पाहिले जातात, प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला जातो, आणि फरक काहीच पडत नाही. कारण एम्युलेटर बिचारा सेकंदाला ६० चित्रं काढून मोकळा झालेला असतो. ती जीपीयूच्या मेमरीत तयार असतात, पण तिथून स्क्रीनपर्यंत नेणारी वाट अरुंद असते. एम्युलेटरला या वाटेची कल्पनाच नसते, म्हणून त्याचा आकडा ६० दाखवतो आणि डोळ्यांना ३० दिसतात.

पुढची सगळी आकडेमोड झिरो टू डब्ल्यू, रेट्रोपाय ४.८ (पायवर जुने गेम चालवणारी तयार सिस्टिम) आणि ३२०×२४० पिक्सेलची आयएलआय ९३४१ किंवा एसटी ७७८९ चिपवरची स्क्रीन धरून केली आहे. घरगुती कन्सोलमध्ये ही जोडी बरेचदा दिसते.

आधी तारेचा हिशोब

एसपीआयमध्ये सगळं चित्र एकाच डेटा वायरवरून, एका क्लॉकला एक बिट, असं जातं. ३२०×२४० म्हणजे ७६,८०० पिक्सेल. प्रत्येकाला १६ बिट. एका चित्राचे झाले १२,२८,८०० बिट. सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर सुमारे ७३.७ मेगाबिट, म्हणजे क्लॉक किमान ७३.७ मेगाहर्ट्झ हवा. बाजारातल्या मॉड्यूलबरोबर येणारे तयार ड्रायव्हर बरेचदा ३२ मेगाहर्ट्झवर बसवलेले असतात. त्यावर भागाकार केला तर सेकंदाला २६ चित्रं निघतात. झटके इथूनच येतात.

पायवर हा क्लॉक वाटेल तो ठेवता येत नाही. कोअर क्लॉकला सम संख्येने भागून जो येईल तोच मिळतो. कोअर ४०० मेगाहर्ट्झ असेल तर १० ने भागून ४०, ८ ने ५०, ६ ने ६६.७ आणि ४ ने थेट १००. आयएलआय ९३४१ च्या डेटाशीटप्रमाणे लिहिण्याची मर्यादा फक्त १० मेगाहर्ट्झची आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॅनेल ६६ पर्यंत तग धरतात, १०० वर क्वचितच चालतात. हे कंपनीने दिलेल्या हमीच्या बाहेरचं काम आहे, त्यामुळे शेजारच्याच्या मॉड्यूलवर चाललं म्हणून आपल्यावर चालेलच असं धरू नका.

६६.७ वर पूर्ण पडद्याची जास्तीत जास्त ५४ चित्रं बसतात. म्हणजे ६० पूर्ण चित्रं या वाटेने जातच नाहीत. सुटका अशी की पूर्ण पडदा पाठवण्याची गरजच नसते. मागच्या चित्रापेक्षा जे पिक्सेल बदलले तेवढेच पाठवले तरी पुरतं. आणि पडद्याच्या ज्या भागात काळी चौकट आहे तो भाग कधीच बदलत नाही. म्हणून गेम मूळ मापात दाखवला की वाटेवरचा भार आपोआप उतरतो. प्रत्येक चित्रात गेमचा सगळा भाग बदलतोय असं सर्वांत वाईट गणित धरलं तरी आकडे असे येतात:

| यंत्र | मूळ माप | मूळ मापात लागणारे मेगाबिट | ताणून मोठं केल्यावर |
|---|---|---|---|
| गेमबॉय | १६०×१४४ | २२ | ६१ |
| गेमबॉय ॲडव्हान्स | २४०×१६० | ३७ | ६५ |
| सुपर निन्टेन्डो | २५६×२२४ | ५५ | ७४ |
| एनईएस | २५६×२४० | ५९ | ७४ |
| मेगा ड्राइव्ह | ३२०×२२४ | ६९ | ७४ |

हा तक्ता नीट पाहिला की निम्मं काम झालं. ताणलेलं चित्र वाट भरून टाकतं आणि वर धूसरही दिसतं, कारण २५६ पिक्सेल ३२० मध्ये पसरवताना काही रकाने जाड होतात, काही बारीक राहतात. मूळ मापातलं चित्र रेखीव असतं आणि हलकंही.

एक अडचण खरी आहे. २.८ इंची पडद्याचा दिसणारा भाग ५७.६×४३.२ मिलिमीटर असतो. त्यावर गेमबॉयचं मूळ माप जेमतेम २८.८×२५.९ मिलिमीटर भरतं, आणि मूळ गेमबॉयचा पडदा साधारण ४७ मिलिमीटर रुंद होता. इतकं बारीक चित्र तासभर पाहणं डोळ्यांना जड जातं. गेमबॉयपुरतं दीडपट, म्हणजे २४०×२१६, माप ठेवा. भार ५० मेगाबिटच्या आसपास जातो, ६६.७ च्या वाटेवर सहज मावतो, आणि रुंदी ४३ मिलिमीटर मिळते. अक्षरांच्या रेषा थोड्या असमान दिसतील, पण ही तडजोड करण्यासारखी आहे. बाकी सगळ्यांना मूळ मापच ठेवा.

स्क्रीन विकत घेताना

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘२.८ इंची टीएफटी’ मागितली की समोर तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी ठेवल्या जातात. चिपचं नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

लाल बोर्डावरची स्वस्त आयएलआय ९३४१ बहुधा टीएन पॅनेलची असते. टीएन पॅनेल एका बाजूने पाहिलं की रंग उलटतात. ही बाजू पडद्याच्या लांबीच्या दिशेने असते, कारण पॅनेल उभं वापरण्यासाठी बनवलेलं आहे. कन्सोलमध्ये आपण ते आडवं बसवतो, त्यामुळे दोष डावी-उजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना थोडे वेगळे रंग दिसतात. गडद प्रसंगांत हे फार खुपतं. शक्य असेल तर एसटी ७७८९ चिपचं २४०×३२० मापाचं आयपीएस पॅनेल घ्या. त्यात ही कटकट नाही.

सात पिनांचं, सीएस (चिप निवडणारी) पिन नसलेलं १.३ इंची २४०×२४० मॉड्यूल टाळा. त्यातल्या अनेकांना एसपीआयचा वेगळा मोड लागतो, आणि चौकोनी पडद्यावर ३२० रुंदीचे गेम मूळ मापात मावतही नाहीत. पायच्या डोक्यावर थेट बसणारे साडेतीन इंची ४८०×३२० पडदेही या कामाचे नाहीत. त्यांना एका चित्रासाठी दुपटीने बिट लागतात. टच असलेलं मॉड्यूल मिळालं तर टचच्या पाच पिना मोकळ्या सोडा. ती चिप त्याच वायरवर फार सावकाश बोलते आणि वेगवान ड्रायव्हर सगळी बस स्वतःकडे घेतो. बोर्डाच्या मागचा एसडी कार्डचा खाचाही तसाच मोकळा राहू द्या.

जोडणी

खाली आधी स्क्रीनची पिन, मग पायच्या हेडरवरचा पिन क्रमांक आणि जीपीआयओ, म्हणजे त्याच पिनेचा सॉफ्टवेअरमधला क्रमांक, दिला आहे.

- क्लॉक (एससीके): पिन २३, जीपीआयओ ११
- डेटा (मोझी किंवा एसडीआय): पिन १९, जीपीआयओ १०
- सीएस: पिन २४, जीपीआयओ ८
- डीसी: पिन २२, जीपीआयओ २५
- रिसेट: पिन १३, जीपीआयओ २७
- बॅकलाइट: पिन १८, जीपीआयओ २४
- ग्राउंड: पिन २० आणि पिन २५, दोन्ही

मिझो किंवा एसडीओ जोडायची गरज नाही. आपण स्क्रीनकडून काहीच वाचत नाही.

पॉवरसाठी बोर्डावर रेग्युलेटर आहे का ते पाहा. लाल बोर्डावर तो असतो. त्याच्याजवळचा जे१ हा जोड उघडा असेल तर व्हीसीसीला ५ व्होल्ट द्या, सोल्डरने बंद केलेला असेल तर ३.३ व्होल्ट. सिग्नलच्या वायरा मात्र कायम ३.३ व्होल्टच्याच. पाय तेवढंच देतो, त्यामुळे मधे लेव्हल शिफ्टर नको. उलट तो घातला तर क्लॉकच्या कडा बोथट होतात.

बॅकलाइटचे एलईडी मिळून साधारण ६० ते ८० मिलिअँपिअर ओढतात. जीपीआयओची एक पिन १६ मिलिअँपिअरच्या पुढे न्यायची नसते. बोर्डावर ट्रान्झिस्टर नसेल तर एओ ३४०० सारखा छोटा मॉसफेट मधे घाला. बॅकलाइट जीपीआयओ १८ वर लावायचं बहुतेक जुन्या आकृत्यांमध्ये दाखवलेलं असतं. ते करू नका. आवाजासाठी मॅक्स ९८३५७ए अँप्लिफायर लावायचा असेल तर त्याला १८, १९ आणि २१ या तिन्ही पिना लागतात. बॅकलाइट १८ वर असला की आवाज सुरू होताच पडदा मंद होतो, लुकलुकतो किंवा आवाजच येत नाही.

वायरीची लांबी हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ब्रेडबोर्ड आणि २० सेंटिमीटरच्या जंपर वायरांवर ४० मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ नये. ३० गेजची वायर, ८ सेंटिमीटरपेक्षा कमी, दोन्ही टोकांना थेट सोल्डर केलेली, अशी ठेवा. क्लॉकच्या वायरीबरोबर पिन २५ च्या ग्राउंडची वायर पिळून न्या, डेटाबरोबर पिन २० ची. क्लॉकच्या वायरीत पायच्या टोकाला ३३ ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा, म्हणजे सिग्नल टोकाला आपटून परतत नाही. स्क्रीनच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाला अगदी खेटून, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टाका. अगदी थोडक्या खर्चात होणारं हे काम पुढचे कित्येक तास वाचवतं.

ड्रायव्हर

बदललेले पिक्सेलच पाठवणारा ड्रायव्हर म्हणजे एफबीसीपी-आयएलआय९३४१. गिटहबवर जुज या खात्यात तो मिळतो. तो पायच्या जुन्या डिस्पमॅनएक्स पद्धतीवर उभा आहे, म्हणून रेट्रोपाय ४.८ ची, बस्टर या पायच्या जुन्या सिस्टिमवर आधारलेली ३२ बिटची इमेज वापरा. बुकवर्मसारख्या नव्या सिस्टिमवर किंवा ६४ बिटवर तो चालत नाही, आणि तिथे तासन् तास झगडण्यात अर्थ नाही.

बूट विभागातल्या कॉन्फिग फाइलमध्ये आधी ही कामं करा. एसपीआय चालू करणाऱ्या ओळीपुढे हॅश लावून ती बंद करा, कारण हा ड्रायव्हर हार्डवेअर स्वतः हाताळतो आणि कर्नलचा ड्रायव्हर मधे आला की दोघे भांडतात. मॉड्यूलबरोबर आलेला कुठलाही टीएफटी ओव्हरले आणि व्हीसी४ केएमएसची ओळही बंद करा. एचडीएमआय हॉटप्लग सक्तीने चालू ठेवा, एचडीएमआय ग्रुप २, मोड ८७, आणि सीव्हीटीच्या ओळीत ३२०, २४०, ६०, १, ०, ०, ० असे आकडे द्या. आता पाय आतल्या आतच ३२०×२४० चं चित्र काढेल. हे विसरलात तर तो मोठं चित्र काढून लहान करत बसतो. मग चित्र मंदही होतं आणि पुसटही.

त्याच फाइलमध्ये कोअर क्लॉकची किमान मर्यादा ४०० करा. एरवी निवांत असताना पाय कोअर २५० वर आणतो आणि त्याबरोबर स्क्रीनचा क्लॉकही ६६.७ वरून ४१.७ वर घसरतो. मेनू जड वाटतो आणि गेममध्येही मधेच एखादा टप्पा अडखळतो, त्याचं कारण बहुधा हेच.

ड्रायव्हर सीमेकने बांधताना, म्हणजे मूळ कोडपासून तयार करताना, पर्याय तिथेच द्यावे लागतात: चिपचं नाव, डीसी २५, रिसेट २७, बॅकलाइट २४, झिरो टू डब्ल्यूसाठी एआरएमव्ही८ए चालू, आणि एसपीआय बस क्लॉक डिव्हायझर, म्हणजे कोअर क्लॉकला भागणारी ती सम संख्या. जुन्या एका कोअरच्या झिरोवर बांधत असाल तर सिंगल कोअर बोर्डचा पर्याय चालू करायला विसरू नका. आकडेवारीचा पर्याय सुरुवातीला १ ठेवा, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला खरी चित्रसंख्या दिसत राहते. डिव्हायझर थेट ६ देऊ नका. २० पासून सुरू करा, चित्र स्थिर आलं की १०, मग ८, मग ६. प्रत्येक वेळी पुन्हा बांधावं लागतं, पण दोन-तीन मिनिटांचंच काम असतं. प्रत्येक पायरीवर वेगाने सरकणारा गेम वीस मिनिटं चालवा, आणि केस बंद करून चालवा. गार असताना चालणारं पॅनेल बंद प्लॅस्टिकमध्ये तापल्यावर घसरू शकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तर हमखास.

सगळं जमलं की आकडेवारी ० करून शेवटचं बांधा आणि आरसी लोकल फाइलमध्ये ‘एक्झिट ०’ च्या आधी हा प्रोग्राम सुरू करायची ओळ घाला. शेवटी अँपरसँड हवाच. नाहीतर बूट तिथेच अडकतो.

रेट्रोआर्कमधल्या सेटिंग

रेट्रोपायच्या ऑप्ट फोल्डरमध्ये कॉन्फिग्जखाली ‘ऑल’ नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या रेट्रोआर्कच्या (एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू आणि व्हिडिओ स्मूद बंद करा. शेडर पूर्णपणे बंद. सीआरटीच्या रेषा दाखवणारा शेडर एवढ्याशा पडद्यावर नुसता काळपटपणा आणतो. थ्रेडेड व्हिडिओ चालू असेल तर बंद करून पाहा, सरकणं अधिक एकसारखं होतं. गेमबॉयचं दीडपट माप त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये द्यायचं, तिथे इंटिजर स्केल बंद करायचा, आणि या ओळी ‘इन्क्लूड’ या ओळीच्या वर लिहायच्या. खाली लिहिल्या तर लागू होत नाहीत.

मेनूसाठी जीबीझेड३५ ही थीम घ्या. ती लहान पडद्यासाठीच बनवलेली आहे. व्हिडिओ झलक दाखवणाऱ्या थीम इथे नकोत.

कोण अडखळतंय ते ओळखा

रेट्रोआर्कचा चित्रसंख्येचा आकडा आणि ड्रायव्हरची आकडेवारी दोन्ही एकाच वेळी चालू करा. रेट्रोआर्क ६० आणि ड्रायव्हर ४० दाखवत असेल तर अडचण वाटेची आहे: माप, क्लॉक किंवा वायर. दोन्ही खाली असतील आणि आवाजही फाटत असेल तर एम्युलेटर जड आहे. सुपर निन्टेन्डोसाठी स्नेस९एक्सची २००५ किंवा २०१० आवृत्ती, मेगा ड्राइव्हसाठी पिकोड्राइव्ह असा हलका एम्युलेटर निवडा. तपमान ८० अंशांच्या पुढे गेलं की पाय स्वतःच वेग कमी करतो, तेही तपासा.

बाकीची लक्षणं:

पडदा कोरा पांढरा राहिला तर डीसी किंवा रिसेटची पिन चुकली आहे, किंवा चिपचं नाव चुकीचं दिलं आहे. बॅकलाइट पेटतो याचा अर्थ स्क्रीन चालू झाली असा होत नाही.

रंगीत ठिपके उडत असतील किंवा चित्र अचानक बाजूला सरकून तसंच राहत असेल तर क्लॉक वायरीला झेपत नाही. आधी वायर आखूड करा, मग डिव्हायझर एका पायरीने वाढवा.

लाल आणि निळा अदलाबदल झाले असतील तर बीजीआर बदलण्याचा पर्याय, आणि चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसत असेल तर रंग उलटवण्याचा पर्याय चालू करून बांधा. आयपीएस पॅनेलवर दुसरा बरेचदा लागतो.

आवाज सुरू होताच चित्र गोठत असेल तर आवाज आणि स्क्रीन दोघे एकच डीएमए चॅनेल (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारी वाट) वापरत आहेत. बांधताना चॅनेल क्रमांक बदला. तरी जमलं नाही तर डीएमए बंद ठेवून बांधा, पण प्रोसेसरवरचा भार बराच वाढेल.

जोरात सरकणाऱ्या गेममध्ये आडव्या रेषा विस्कटलेल्या दिसतात, तेव्हा ड्रायव्हर वाट पुरेना म्हणून एकाआड एक ओळी पाठवत असतो. मेगा ड्राइव्हवर हे दिसणारच, कारण ६९ मेगाबिट ६६.७ मध्ये मावत नाहीत.

तिरकी चिरफाळ दिसते ती वेगळी. पॅनेल आतून उभं रंगवलं जातं आणि आपण चित्र आडवं पाठवतो, त्यामुळे जुन्या-नव्या चित्राची सीमा तिरकी येते. सॉफ्टवेअरमध्ये दिशा फिरवण्याचा पर्याय चालू केला की ती सरळ होते आणि डोळ्यांना कमी खुपते. पूर्णपणे जात नाही, कारण स्क्रीन आता कुठली ओळ रंगवते आहे हे सांगणारी पिन या मॉड्यूलवर बाहेर काढलेलीच नसते.

बॅटरी निम्म्यावर आली की पडदा लुकलुकायला लागला तर ५ व्होल्टचा बूस्ट बोर्ड कमी पडतो आहे. झिरो टू डब्ल्यू, बॅकलाइट आणि अँप्लिफायर या तिघांसाठी मिळून २ अँपिअर देणारा बोर्ड घ्या, आणि बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची वायर जाड ठेवा.

मेगा ड्राइव्ह आणि प्लेस्टेशनचे गेम पूर्ण पडद्यावर, पूर्ण ६० नेच हवे असतील तर एसपीआय सोडून डीपीआय पॅनेलकडे जा. त्यात १८ बिट रंग समांतर वायरांवरून जातो, ड्रायव्हरने पिक्सेल मोजत बसायची गरज उरत नाही. रेट्रोफ्लॅगच्या जीपीआय केसमध्ये हीच पद्धत वापरली आहे. त्यासाठी जीपीआयओ ० ते २१ सगळे खर्ची पडतात, फक्त सहा उरतात. आयटूएस आवाजाच्या, म्हणजे वरच्या अँप्लिफायरच्या, पिनाही त्यातच जातात. त्यामुळे बटणं प्रो मायक्रोसारख्या वेगळ्या बोर्डावर लावून यूएसबीने जोडावी लागतात, आणि आवाजासाठी यूएसबी साउंड कार्ड घ्यावं लागतं. झिरोवर डेटासाठी यूएसबीचं एकच तोंड असल्यामुळे केसमध्ये छोट्या हबची जागा आधीच धरून ठेवा.